दगडाला हात न लावता

सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या एका गच्चीवर गेल्या थंडीत आम्ही सहाजण रात्री जेवणं आटोपून जमायचो. मधोमध एक पाटा ठेवलेला, नुकताच टाकवून घेतलेला. दिवे घालवायचे आणि एकाने बॅटरी धरायची. बॅटरी वरून धरली तर पाटा सपाट, राखाडी. तीच खाली आणून कडेला आडवी धरली की टाकीचा एकेक घाव आपापली सावली घेऊन उभा राहतो. कुठला घाव आधीचा, कुठला त्याच्यावर पडलेला, टाकी कोणत्या बाजूने तिरकी धरली होती, हेसुद्धा वाचता येतं. हजारो वर्षांपूर्वी दगडावर दगड ठोकून बैल आणि हरणं काढणाऱ्या माणसाचं काम याच जातीचं होतं. म्हणून ज्यांना प्रागैतिहासिक शैलचित्रांची डिजिटल नोंद करायला शिकायचं आहे, त्यांना मी आधी घरचा पाटा बाहेर काढायला सांगतो. कॅमेरा नंतर.

सोलापूरच्या माणसाने यात का पडावं, असं विचारणारे भेटतात. आपला दगड काळा बेसाल्ट. रंगवलेली चित्रं टिकतात ती बहुधा वालुकाश्माच्या कपारीत, आणि तसल्या कपारी आपल्याकडे नाहीत. पण सोलापूर बसलंय फार सोयीच्या जागी. होटगीवरून गदगकडे जाणारी गाडी विजापूर, बागलकोट करत बदामीला जाते. बदामीच्या लेण्यांपुढे गर्दी असते, पण तिथून डोंगरात चालत गेलं की सिडिलफडी नावाचा वालुकाश्माचा शैलाश्रय आहे आणि त्याच्या भिंतीवर तांबड्या रंगातली माणसं आणि जनावरं आहेत. कन्नडमध्ये सिडिल म्हणजे वीज. आणखी दक्षिणेला बळ्ळारीजवळ कुपगलची टेकडी. तिथल्या काळ्या डोलेराइटवर नवाश्मयुगातल्या गुराख्यांनी ठोकून काढलेले बैल आहेत, आणि काही दगड असे की ठोकल्यावर घंटेसारखे वाजतात. पश्चिमेला बघाल तर रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या गावावरूनच जातो. त्याने कोल्हापूर ओलांडून घाट उतरलात की कोकणातले सडे आणि त्यांवरची कातळशिल्पं. कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमळ ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उत्तरेला अमरावतीच्या वर सातपुड्यात, धारूळच्या पलीकडे, अंबादेवीच्या परिसरात रंगवलेले शैलाश्रय आहेत. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांनी सुट्ट्यांमध्ये पायपीट करून ते उजेडात आणले.

कोकणातही तसंच घडलं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून शेकडो आकृत्या नोंदवल्या. आपल्या सोलापुरात आनंद कुंभारांनी आयुष्यभर जिल्ह्यातले शिलालेख शोधले आणि वाचले. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावरच्या देवळातला शके ९४० चा मराठी लेख सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामागची पायपीट फार थोड्यांना. नोकरी-धंदा सांभाळून असलं काम करणाऱ्यांची आपल्याकडे परंपरा आहे. हा लेख त्या परंपरेत पाऊल टाकू पाहणाऱ्यांसाठी आहे.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. पहिल्या बदामी फेरीत मी चित्रांचे शंभरावर फोटो काढले. घरी येऊन संगणकावर त्यांचे रंग ताणून पाहिले, तर एका फोटोत डोळ्यांना तिथे मुळीच न दिसलेली एक लाल आकृती वर आली. दोन दिवस मी त्या आनंदात होतो. मग एका जाणकाराला फोटो दाखवला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. आकृती केवढी आहे? कुठल्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंच? शेजारी काय आहे? तिन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फोटोत मोजपट्टी नव्हती, भिंतीचा पूर्ण फोटो नव्हता, वहीत एक ओळ नव्हती. माझ्याजवळ सुंदर चित्र होतं, पण नोंद नव्हती. फोटो आणि नोंद यांत हा फरक आहे, आणि महागडा कॅमेरा घेऊन तो भरून निघत नाही.

आता सगळ्यात कडक नियम. चित्राला काही म्हणजे काही लावायचं नाही. जुन्या काळी फिकट चित्र उठून दिसावं म्हणून त्यावर पाणी शिंपडत. ओला गेरू क्षणभर गडद होतो, हे खरं. पण पाणी वाळताना दगडातले क्षार पृष्ठभागावर आणतं, आणि त्यांचा पांढरा पापुद्रा चित्रावर कायमचा बसतो. कोरीव आकृत्यांच्या रेषांत खडू किंवा रांगोळी भरायची पद्धत तर अजून गेलेली नाही. त्यात दगडाचं नुकसान आहेच. शिवाय खडू धरणारा माणूस ठरवतो की रेषा कुठून कुठे जाते. नंतर येणारे त्याचा खडू पाहतात, मूळ रेषा पाहत नाहीत. चित्रावर कागद किंवा प्लास्टिक चिकटवून गिरवणंही नको. यशोधर मठपाल यांनी १९७० च्या दशकात डेक्कन कॉलेजसाठी भीमबेटकाच्या चित्रांच्या जलरंगात प्रतिकृती केल्या. दगडासमोर तासन्‌तास बसून, नजरेने मापं घेत केलेलं ते काम आजही संदर्भाला घेतलं जातं. डिजिटल साधनांचं मोठेपण मला यातच वाटतं, की पाणी, खडू आणि चिकटपट्टी यांनी जे साधायचं ते आता दगडाला बोटही न लावता साधतं.

तर कामाला लागू. चित्र रंगवलेलं आहे की कोरलेलं, यावर पद्धत ठरते.

रंगवलेल्या चित्रांसाठी

फोटो चांगला असेल तरच पुढची प्रक्रिया उपयोगाची. कॅमेरा असेल तर रॉ फाइल ठेवा. फोनच्या प्रो मोडमध्ये ती सोय असेल तर तीच वापरा. जेपेग फाइल जागा वाचवण्यासाठी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती टाकून देते. एरवी ते दिसत नाही, पण रंग ताणले की तेच चौकोन भिंतीवर जाळीसारखे उमटतात आणि बारीक रेषा खाऊन टाकतात. फोनमधली आपोआप सुधारणा, एचडीआर, सौंदर्य वगैरे जे काही असेल ते बंद करा. भिंग साधं घ्या, अतिरुंद नको, कारण कडेच्या आकृत्या ओढल्या जातात. आयएसओ शक्य तितका खाली, स्टँड वापरा, टायमरने क्लिक करा. कॅमेऱ्याचं तोंड भिंतीला काटकोनात हवं.

उजेड सारखा हवा. अर्ध्या भिंतीवर ऊन आणि अर्ध्यावर सावली असलेला फोटो कामाचा नाही. आम्ही दोघांना चादर धरून उभं करतो, म्हणजे सगळ्या चित्रावर एकसारखी सावली पडते. इथे सोलापूरकरांना एक सूचना. आपल्या जाड चादरी सावलीला उत्तम, पण लाल-तांबडी चादर नेऊ नका. तिच्या रंगाची झाक भिंतीवर पडते, आणि गेरूचं चित्र शोधायला निघालेल्या माणसाला हीच झाक फसवते. पांढरी किंवा करडी चादर न्या.

प्रत्येक चित्राचे किमान तीन फोटो. पहिला सबंध कपारीचा, बाहेरून. दुसरा सबंध भिंतीचा. तिसरा आकृतीचा, शेजारी मोजपट्टीसह. शैलचित्रांच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे इफ्राओने, यासाठी १० सेंटिमीटरची रंगांच्या चौकटी असलेली पट्टी ठरवून दिली आहे. मोजपट्टीने आकार कळतो, आणि रंगांच्या चौकटींमुळे पुढे कोणालाही फोटोतला रंग मूळ रंगाशी ताडून पाहता येतो. ती मिळेपर्यंत कंपासपेटीतली पट्टी आणि एक पांढरा-करडा कागद चालेल. पट्टी भिंतीला चिकटवू नका. काठीच्या टोकाला बांधून चित्राशेजारी, त्याच पातळीत धरा. मग पट्टीशिवाय तोच एक फोटो घ्या.

यानंतरची पायरी डी-स्ट्रेच. जॉन हार्मन या अमेरिकन गणितज्ञाने २००५ साली इमेज-जे या मोफत संगणक प्रणालीला जोडायचा हा भाग तयार केला. मूळ युक्ती उपग्रहचित्रांची आहे. जमिनीचे फोटो पाहताना लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग जवळजवळ एकत्रच कमी-जास्त होतात, त्यामुळे दोन मातींतला बारीक फरक दबून जातो. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी गणिताने या तीन रंगांची परस्परांशी असलेली बांधणी सोडवली. तीन नवे, एकमेकांवर अवलंबून नसलेले अक्ष घ्यायचे, प्रत्येक अक्षावर रंग ताणायचे, आणि पुन्हा मूळ रंगांत यायचं. फिकट तांबडी भिंत आणि तिच्यावरचा जरासा जास्त तांबडा डाग यांच्यात डोळ्यांना फरक कळत नाही. या गणिताला तो कळतो.

हे एकदा कुठेही करून पाहा. सात रस्त्यावरून जुन्या गिरण्यांच्या भागात जाताना भिंतींवर पुसट झालेल्या जाहिराती, दुकानांची जुनी नावं, निवडणुकीच्या गेरूच्या घोषणा दिसतात. त्यांचे फोटो काढा आणि डी-स्ट्रेचमध्ये टाका. तीन-चार थर एकावर एक कसे आहेत, हे पाहताना तुम्हाला शैलाश्रयाच्या भिंतीचं वाचन शिकता येईल. आणि इथे चुकलात तरी बिघडत नाही.

डी-स्ट्रेचमध्ये बटणांची रांग असते. लालसाठी वायआरई आणि एलआरई, पिवळ्यासाठी वायडीएस आणि वायवायई, काळ्यासाठी वायबीके ही सुरुवातीला पुरेत. प्रत्येक फोटोवर सगळी बटणं दाबत बसण्यापेक्षा, चित्राचा रंग डोळ्यांना कोणता दिसला ते वहीत आधी लिहा आणि त्याच्याशी जुळणारी दोन-तीन बटणं वापरा. निकाल वेगळ्या नावाने साठवा आणि कोणतं बटण, किती ताण, हे नावातच लिहा. मूळ फोटोवर कधीही काही करू नका.

या युक्तीची ताकद जगाने २०१४ साली पाहिली. नोएल हिडाल्गो टॅन यांनी कंबोडियातल्या अंकोर वाटच्या देवळातल्या भिंतींवर, जिथून रोज हजारो पर्यटक जातात, दोनशेहून जास्त अदृश्य झालेली चित्रं याच प्रक्रियेने वर आणली. हत्ती, जहाजं, वाद्यवृंद. ती चित्रं प्रागैतिहासिक नाहीत, पण रीत तीच.

पण यातला धोकाही तितकाच मोठा आहे. दगडातलं लोखंड झिरपून आलेले लाल ओघळ, शेवाळ, दगडफूल, धुराची काजळी हे सगळंही डी-स्ट्रेच तितक्याच तत्परतेने रंगवून दाखवतं. माणसाचं मन लगेच त्यात शिंगं आणि पाय शोधतं. म्हणून ताणलेल्या फोटोत जे दिसलं ते पुन्हा मूळ फोटोत आणि जमलं तर पुन्हा भिंतीवर जाऊन पाहायचं. भीमबेटकाचीच गोष्ट. तिथल्या मोठ्या गुहेच्या छतावरची एक पानासारखी आकृती म्हणजे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या प्राण्याचा जीवाश्म आहे, असा निबंध २०२१ साली एका नामांकित नियतकालिकात छापून आला. नंतर दुसरे भूशास्त्रज्ञ प्रत्यक्ष तिथे गेले. ती आकृती आता गळून पडत होती. ते मधमाश्यांच्या पोळ्याचे अवशेष होते. २०२३ साली तसं छापून आलं आणि मूळ लेखकानेही ते मान्य केलं. तज्ज्ञ माणसं होती, तरी फसली. आपण जास्त जपायला हवं.

कोरलेल्या आकृत्यांसाठी

इथे रंगाचा संबंध नाही, खोलीचा आहे. कोकणच्या सड्यावर दुपारी बाराला गेलात तर पायाखाली हत्ती असूनही दिसणार नाही. सूर्य डोक्यावर असला की रेषेत सावली पडत नाही. सकाळी उजाडल्यानंतरचा पहिला दीड तास आणि मावळतीआधीचा तेवढाच वेळ, एवढंच काम. मधला वेळ वहीसाठी, मापांसाठी आणि गावकऱ्यांशी बोलण्यासाठी ठेवा. पावसाळ्यात सड्यावर गवत असतं आणि खोलगट भाग पाण्याने भरतात, म्हणून दिवाळीनंतरचे महिने बरे. आकृतीच्या रेषांवर पाय देऊ नका. जांभा कठीण वाटतो, पण रेषांच्या कडा ठिसूळ असतात.

लहान, हातभर आकृतीसाठी सर्वांत बोलकी पद्धत म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग. हिचा पाया २००१ साली एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम मॅल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी घातला. गच्चीवर आम्ही पाट्याचं जे करत होतो, त्याचंच हे शिस्तशीर रूप. कॅमेरा स्टँडवर पक्का, एक केसभरही हलता कामा नये. दिवा मात्र दर फोटोला वेगळ्या दिशेला आणि वेगळ्या उंचीवर. चाळीस-पन्नास फोटो घ्यायचे, जणू आकृतीवर उलटी टोपली ठेवली आहे आणि दिवा त्या टोपलीच्या वेगवेगळ्या काड्यांवर टेकतो आहे. दिव्याचं अंतर सगळीकडे सारखं राहावं म्हणून दोरी बांधा. ती आकृतीच्या आकाराच्या दोन ते चारपट हवी. फूटभर आकृतीला एक मीटरच्या आसपास. एकाने दोरीचं टोक आकृतीच्या मध्याजवळ धरायचं, दगडाला न टेकवता, दुसऱ्याने दिवा ताणून धरायचा, मग दोरी बाजूला आणि फोटो.

फोटोत काळ्या चकचकीत दोन गोट्या ठेवाव्या लागतात. गोटीवर दिव्याचा ठिपका कुठे चमकतो त्यावरून संगणक दिव्याची दिशा काढतो. गोटी फोटोत किमान २५० पिक्सेल रुंद दिसली पाहिजे. हिशेब सोपा आहे. फोटो ६,००० पिक्सेल रुंद आणि त्यात ३० सेंटिमीटर दगड मावत असेल, तर २५० पिक्सेल म्हणजे साडेबारा मिलिमीटर. पोरांच्या खेळातली पंधरा मिलिमीटरची काळी गोटी पुरते. पण ती एकरंगी, गोल आणि बिनओरखड्याची हवी. सगळे फोटो रिलाइट या मोफत प्रणालीत घातले की एक अशी फाइल तयार होते, जिच्यात तुम्ही माउसने उजेड हवा तिकडून टाकू शकता. घरी बसून, पावसाळ्यात, पुन्हा पुन्हा. एका रेषेने दुसरीला कुठे कापलं आहे, म्हणजे कोणती आधीची, हे अशा फाइलमध्ये कळतं.

कडक उन्हात हे होत नाही. दिव्याचा उजेड सूर्यापुढे टिकत नाही. संध्याकाळनंतरचं काम असल्याने गावात आधी सांगून, परवानगी घेऊन आणि किमान चौघं मिळूनच करा. रानात रात्री बॅटऱ्या हलताना दिसल्या की गुप्तधन खणायला कोणी आलंय, असा संशय गावाला येतो. तो त्यांच्या जागी रास्त आहे.

मोठ्या आकृतीला ही पद्धत पुरत नाही. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी आहेत. तिथे फोटोग्रॅमेट्री हवी. एकमेकांवर चढणारे भरपूर फोटो घ्यायचे आणि संगणकाने त्यांतले समान ठिपके जुळवून त्रिमिती आकार उभा करायचा. मेशरूम ही त्यासाठीची मोफत प्रणाली आहे, मेटाशेप विकत मिळते. या कामात यश की अपयश, ते जागेवरच ठरतं, संगणकावर नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उक्षीच्या हत्तीएवढी, म्हणजे पाच-सहा मीटरची आकृती धरा. फोन बांबूच्या टोकाला बांधून दोन मीटर उंचीवर, तोंड सरळ खाली. साध्या फोनच्या मुख्य भिंगातून एवढ्या उंचीवरून साधारण दोन मीटर बाय दोन मीटर साठ सेंटिमीटरचा तुकडा फोटोत येतो. पुढे सरकताना प्रत्येक फोटोने आधीच्याचा सत्तर टक्के भाग पुन्हा घ्यायला हवा, म्हणजे एका वेळी साठ सेंटिमीटर पुढे जायचं, एक छोटं पाऊल. एक रांग झाली की शेजारची रांग एक मीटरवर. सहा मीटरच्या चौकोनाला अशा सहा-सात रांगा, सत्तर-पंच्याहत्तर फोटो. मग तेवढेच काटकोनात. शेवटी कडेने फिरत तिरक्या तोंडाचे वीस-तीस. एकूण दीड-दोनशे. बांबूच्या आणि तुमच्या सावलीकडे लक्ष ठेवा. सावली फोटोत आली तर संगणक तिलाच दगड समजतो. म्हणूनच या कामाला ढगाळ किंवा सावलीची वेळ चांगली, तिरपं ऊन नको. हे वर सांगितलेल्याच्या उलट वाटेल, पण इथे खोली सावलीवरून कळत नाही, ती जुळणीतून निघते.

फोकस आणि उजेडाची मापं पहिल्या फोटोला पक्की करा आणि शेवटपर्यंत बदलू नका. झूम नको. आकृतीबाहेर चार कोपऱ्यांवर छापील खुणांचे कागद दगड ठेवून मांडा आणि त्यांच्यातली अंतरं टेपने मोजून लिहा, तिरकी अंतरंसुद्धा. ही मापं नसली तर उभा राहिलेला हत्ती सहा मीटरचा की सहा सेंटिमीटरचा, हे संगणकाला कळायची सोय नाही. मापं असतील तर चार हजार पिक्सेलच्या फोटोत एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरहून कमी भरतो, आणि पुसट झालेली रेषाही पकडता येते.

त्रिमिती आकार तयार झाला की क्लाउडकंपेअर या मोफत प्रणालीत त्याच्यावरचा फोटोचा रंग काढून टाका आणि फक्त खोलीप्रमाणे रंग द्या. जांभ्याचे काळे-तांबडे डाग नाहीसे होतात आणि उरते ती नुसती कोरलेली रेषा. बारसूच्या माणसाची आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या वाघांची आकृती, किंवा कोकणात आज न दिसणाऱ्या गेंड्यासारखी चित्रं, अशा रूपात पाहिली की शिंग कुठे संपतं आणि दगडाची नैसर्गिक भेग कुठे सुरू होते, हा वाद डोळ्यांनी नव्हे, मापाने सोडवता येतो.

ड्रोनबद्दल थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी लागते, आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते पाहावं लागतं. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची आणि जंगल असेल तर वन खात्याची परवानगी वेगळी. बहुतेक आकृत्यांचं काम बांबूने होतं.

वही, गाव आणि पुढचं

प्रत्येक नव्या भिंतीच्या मालिकेतला पहिला फोटो वहीच्या पानाचा असू द्या. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण, भिंतीचा क्रमांक, भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला. दिशा फोनच्या होकायंत्रावर घ्या, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. देवाच्या गोठण्याच्या कातळावर होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, आणि ती जागा तेवढ्यासाठीही प्रसिद्ध आहे. सूर्य कुठून उगवला ते लिहा.

गावाची भाषा लिहून घ्या. लोक त्या आकृतीला काय म्हणतात, तिथे नारळ फोडतात का, कोणत्या दिवशी, गुरं तिथून जातात का. उक्षीच्या लोकांनी आपला हत्ती स्वतः जपला. असं गाव जिथे असतं तिथे चित्र वाचतं. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी पारावर बसायला मला आवडतं.

नवी जागा सापडली तर ती समाजमाध्यमांवर टाकण्याआधी थांबा. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. तुमच्या नोंदीत ते हवेतच, पण लोकांत फोटो देताना काढून टाका. नाहीतर पुढच्या रविवारी तिथे नावं कोरलेली सापडतील. माहिती द्या राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, सोलापूर विद्यापीठाच्या किंवा डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला. तिथे पडलेली दगडी हत्यारं, खापरं उचलू नका. ती आहेत तिथेच असणं, हाच त्यांचा पुरावा. फोटो कितीही चांगला असला तरी तो चित्राचं वय सांगत नाही. वय सांगायला बहुधा उत्खनन लागतं, आणि उचललेल्या दगडाने उत्खननाचा पाया जातो.

फाइल तीन ठिकाणी ठेवा. त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. नाव असं द्या की दहा वर्षांनी तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसालाही कळेल: साल, महिना, दिवस, जागा, भिंत, क्रमांक. कुपगलच्या चित्रांबद्दल फॉसेट यांनी १८९२ साली लिहिलं. त्यानंतर दगडखाणींनी त्या टेकडीला धोका असल्याचं अभ्यासकांनी २००४ साली नोंदवलं. उद्या एखादा दगड फुटला तर त्याचं जे काही उरेल ते असल्याच फाइलींत उरेल.

आणि जागेवरून निघण्याआधी अर्धा तास राखून ठेवा. सावलीत बसा, सगळे फोटो मोठे करून पाहा. हललेले, सावली आलेले, पट्टी विसरलेले तिथल्या तिथे पुन्हा काढा. बदामीहून परतीची गाडी सुटेल या घाईत मी हा अर्धा तास एकदा वाचवला होता. त्या एका भिंतीसाठी मला पुढच्या डिसेंबरात पुन्हा होटगीला गाडी बदलावी लागली.